पावसाळ्यात काढलेले ब्लॅक अँड व्हाइट रोल राखाडी का येतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुम्ही खानापूर तालुक्यात राहता, हातात पेंटॅक्स के१००० आहे आणि या जुलै-ऑगस्टात तुम्ही इलफर्ड एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे चार रोल काढलेत. पहिला साधा, ४०० या तिच्या नेहमीच्या स्पीडवर. दुसरा १६०० ला पुश केलेला (म्हणजे काय ते पुढं सांगते). तिसरा लाल फिल्टर लावून. हे तीन लॅबमधून धुऊन आणि स्कॅन करून आणलेत, चौथा घरी कॉफीत धुतलात. चारही ‘मळकट राखाडी’ आले. आता कुठली फिल्म आणि कुठला डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, घेतला म्हणजे काळा खरोखर काळा येईल, असं तुम्ही विचारताय.

फिल्म बदलू नका. एचपी५ पन्नास प्रकारे वागते, आणि त्यातले दोन-तीन प्रकार हाताला बसले की बरीच वर्षं दुसरी फिल्म लागत नाही. तुमचे चारही रोल दिसायला सारखेच राखाडी असले तरी कारणं वेगवेगळी आहेत असं मला वाटतं. दर रोलला तुम्ही काहीतरी नवं केलंत आणि बाकीचं जागेवर ठेवलं नाहीत, म्हणून कुठलं कारण कुठल्या रोलचं हे तुम्हाला ओळखता येत नाहीये.

मी निगेटिव्ह पाहिलेले नाहीत, लॅबनं कशात धुतलं तेही ठाऊक नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं ‘असं असेल तर तसं’ या धाटणीचं होणार. माझं म्हणाल तर लग्नानंतर सासरच्या स्टुडिओत, बेळगावात शहापूरला, मी डार्करूम सांभाळली. पुरुष मंडळी लग्नात कॅमेरे घेऊन हिंडायची आणि आतलं धुणं, प्रिंट काढणं, पेन्सिलीनं निगेटिव्ह रिटच करणं माझ्याकडे. उटीची ‘इंदू’ फिल्म आणि कागद यायचा तेव्हापासूनचा हात आहे. कलर लॅब आल्या आणि ते काम संपलं. आता स्वतःसाठी रोल काढते आणि आपल्याच पाण्यात, आपल्याच हवेत धुते.

पहिलं काम फुकटचं आहे. लॅबच्या स्कॅनकडे बघायचं बंद करा आणि निगेटिव्ह पांढऱ्या उजेडावर धरा. स्कॅनर पातळ निगेटिव्हमधूनही काहीतरी चित्र ओढून काढतो आणि त्यात सावल्या उचलतो, त्यामुळे काळ्याचा राखाडी होतो. निगेटिव्हच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. ते कारखान्यातच एक्स्पोज होतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. आकडे ठसठशीत काळे आहेत पण आतलं चित्र काचेसारखं पातळ आहे, तर धुणं नीट झालंय आणि उजेड कमी पडलाय. आकडेच फिकट असतील तर धुण्यात खोट आहे. आकडे ठीक, चित्रही पुरेसं भरलेलं, तरी सगळं एकाच छटेत, तर दोष दृश्याचा किंवा फिल्टरचा. चारही रोलना ही परीक्षा लावा. माझा अंदाज सांगते: पहिले तीन रोल ‘आकडे ठीक, चित्र पातळ’ या खात्यात जातील आणि कॉफीच्या रोलचे आकडेच फिकट असतील.

पहिले तीन पातळ का असतील? के१००० चा उजेड मोजणारा मीटर साधा आहे. तो अख्ख्या फ्रेमची सरासरी काढतो आणि तिला मध्यम राखाडी समजतो. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ म्हणजे डोक्यावर ताणलेली पांढरी चादर. फ्रेमचा वरचा तिसरा हिस्सा त्या आभाळानं भरला की मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि खालची माणसं, बांध, झाडाखालचा अंधार यांना निम्माच उजेड मिळतो. उपाय जुना आहे. कॅमेरा खाली झुकवा, आभाळ फ्रेमबाहेर घालवा, शेत किंवा गवतावर सुई मधोमध आणा, मग कॅमेरा पुन्हा वर उचलून त्याच आकड्यांवर फोटो घ्या. गवत नसेल तर स्वतःचा तळहात उजेडात धरून मोजा आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, द्या. आभाळ पांढरंफट्ट येईल, येऊ दे. पावसाळी आभाळात तसंही बघण्यासारखं थोडंच असतं. आणि हो, काम झालं की लेन्सला टोपी घाला. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटण नाही, उजेड लागला की तो बॅटरी खात बसतो. बॅटरी उतरलेली असली तरी सुई हलते आणि खोटं सांगते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा भाग म्हणजे लाल जांभ्याची माती आणि तिच्यावर हिरवंगार भात. डोळ्याला यापेक्षा जास्त विरोध असलेले दोन रंग सापडणार नाहीत. पण फिल्म रंग बघत नाही, उजळपणा बघते. ओल्या मातीचा लाल आणि पोसवायच्या आधीच्या भाताचा हिरवा यांचा उजळपणा बऱ्याचदा इतका जवळ असतो की फिल्मवर दोन्ही एकाच राखाडीत बुडतात. बांध कुठं संपला आणि शेत कुठं सुरू झालं ते कळत नाही. त्यात ढगाळ उजेडाला सावली नाही, म्हणजे आकार दाखवायला तीही मदतीला नाही. तुम्ही ‘मळकट’ म्हणता तो हाच मळ. डेव्हलपर बदलून तो निघणार नाही, कारण तो फिल्मपर्यंत पोचायच्या आधीच झालेला आहे.

इथं फिल्टर लागतो, पण तुम्ही लावलात तो नाही. फिल्टर स्वतःच्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. लाल फिल्टरनं लाल माती फिकट होते आणि भात काळवंडतं. पावसाळ्यात ते चित्र उलटं वाटतं. ओली माती डोळ्याला गडद दिसत असते आणि कोवळं भात उजळ, फोटोत नेमकं त्याच्या विरुद्ध येतं. पिवळसर-हिरवा फिल्टर, ज्यावर बहुधा ११ किंवा एक्स१ असं लिहिलेलं असतं, तो पावसाळ्यात माझ्या कॅमेऱ्यावरून उतरत नाही. भात वर येतं, माती खाली जाते, चेहऱ्याचा रंगही बरा राहतो. सेकंडहँडमध्ये तो पडून असतो, कारण प्रत्येकाला नाट्यमय आभाळासाठी लाल हवा असतो. लाल ठेवा ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी. तेव्हा आभाळ खरंच निळं असतं, राजहंसगडाच्या तटावर पांढरे ढग येतात आणि लाल फिल्टर त्या निळ्याला काळं करतो. पांढऱ्या आभाळावर जगातला कुठलाच रंगीत फिल्टर काही करू शकत नाही. निळं नसेल तर काळं काय करणार?

लाल फिल्टरचा तुमचा रोल पातळ असण्याला आणखी एक कारण असू शकतं. लाल २५ क्रमांकाचा फिल्टर तीन स्टॉप उजेड खातो. तुम्ही फिल्टर लावूनच मीटर पाहिला असेल, तर जुन्या मीटरची रंगांची समज फिल्मसारखी नसते आणि तो बऱ्याचदा एखादा स्टॉप कमी सांगतो. फिल्टर काढून मोजा आणि तीन स्टॉप हातानं वाढवा. भरल्या ढगात ४०० च्या फिल्मला सेकंदाच्या ५०० व्या भागाला एफ/५.६ निघत असेल, तर लाल फिल्टरसह ६० व्या भागाला एफ/५.६ द्या. पिवळ्याला एक स्टॉप पुरतो. पिवळसर-हिरव्याचा आकडा त्याच्या डबीवर किंवा कड्यावर बघा, कंपनीप्रमाणे तो बदलतो.

लाल आणि नारिंगी फिल्टर पावसाळ्यात एका जागी मात्र मला लागतो: गोकाकचा धबधबा. फोटोत तो दुधासारखा पांढरा यावा अशी सगळ्यांची इच्छा असते, आणि ऑगस्टात घटप्रभा ५२ मीटरवरून उडी घेते तेव्हा तिचं पाणी चहाच्या रंगाचं असतं. साध्या फिल्मवर ते कातळाइतकंच राखाडी येतं. नारिंगी लावला की गढूळ पाणी उजळतं आणि ओला कातळ मागं सरकतो. तिथले पांढरे फोटो पाहिलेत तर ते बहुधा पूर ओसरल्यानंतरचे असतात.

आता पुशबद्दल. पुश म्हणजे दोन गोष्टी एकत्र: मीटर १६०० वर ठेवून फिल्मला दोन स्टॉप कमी उजेड देणं, आणि ती तूट भरायला जास्त वेळ धुणं. जास्त धुण्यानं उजळ भाग अजून दाट होतात, म्हणून कॉन्ट्रास्ट वाढतो. पण सावलीत उजेड पोचलाच नव्हता, तिथं डेव्हलपरनं कितीही घासलं तरी काही निघत नाही. तुम्हाला यातला दुसरा अर्धा हवा होता, पहिला नको होता. सपाट ढगाळ उजेडात मी मीटर ४०० वरच ठेवते आणि धुते मात्र ८०० ची वेळ. इलफर्डच्या तक्त्यात एचपी५ ला त्यांचाच आयडी-११ डेव्हलपर, १+१ म्हणजे तेवढंच पाणी घालून पातळ करून, २० अंशांना, ४०० साठी १३ मिनिटं आणि ८०० साठी साडेसोळा मिनिटं दिलेली आहेत. म्हणजे ४०० वर काढा, साडेसोळा मिनिटं धुवा. सावल्या शाबूत राहतात, उजळ बाजू ताणली जाते आणि मधली राखाडी मोकळी होते. कोडॅकचा डी-७६ डेव्हलपर वापरत असाल तर त्याचा फॉर्म्युला आयडी-११ च्या अगदी जवळचा असला तरी वेळ त्याच्याच तक्त्यातली घ्या. एप्रिलच्या कडक उन्हात हेच उलट करायचं: मीटर २०० वर, धुणं साधारण २० टक्के कमी. १६०० चा पुश मी फक्त रात्रीच्या गणपती मिरवणुकीसाठी वापरते, जिथं दुसरा इलाजच नसतो.

हे सगळं लॅबला सांगून होत नाही. बहुतेक लॅब सगळ्यांचे रोल एकाच टाकीत, एकाच वेळेला धुतात आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. म्हणून घरी धुणं शिका. तुम्ही कॉफीपर्यंत गेलातच, म्हणजे टाकी आणि चेंजिंग बॅग, अंधारात फिल्म हाताळायची पिशवी, आहे.

घरी धुताना आपल्याकडचा शत्रू म्हणजे तापमान. सगळे तक्ते २० अंशांचे असतात आणि नळाचं पाणी मे महिन्यात त्याच्या कितीतरी वर. मी २० च्या मागं लागत नाही, २४ धरते. दर अंशामागं वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करायची, म्हणजे वरची १३ मिनिटं २४ अंशांना सुमारे ९ होतात आणि साडेसोळाची साधारण साडेअकरा. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की धुणं डागाळतं, म्हणून गरम हवेत डेव्हलपर नेहमी पातळ करूनच वापरा. उन्हाळ्यात माठातलं पाणी सहज २४ ला मिळतं. पावसाळ्यात माठ काम करत नाही, कारण दमट हवेत पाणी झिरपतं पण वाळत नाही. पण तेव्हा नळाचं पाणीच गार असतं. थर्मामीटर मात्र हवाच. दोन अंशांची गफलत म्हणजे वीस टक्के वेळेची गफलत, आणि मग तुम्ही कॉन्ट्रास्टचा प्रयोग केला की हवेचा, हे कळणार नाही. डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायचं पाणी, सगळं एकाच बादलीत उभं करून एकाच तापमानाला आणा.

पाण्याचं म्हणाल तर तुमच्या खानापूरकडचं पाणी हलकं, तुम्ही नशीबवान. चिकोडी-अथणीकडं काळ्या मातीतल्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार असतात की वाळलेल्या निगेटिव्हवर पांढरे ओघळ उठतात. तिकडच्यांनी शेवटची विसळ बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड वॉटरनं करावी. पाहिजे तर तुम्हीही करा, लिटरभरात बरेच रोल होतात.

कॉफीचा रोल. कॅफेनॉल ही युक्ती १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रसंस्थेत एका वर्गात निघाली. आज जी कृती सगळीकडे फिरते ती अशी: एक लिटर पाण्यात ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, २० अंशांना १५ मिनिटं. आपल्याकडे ती फसते ती बहुधा सोड्यापाशी. किराणा दुकानातला खडेदार धुण्याचा सोडा निर्जल नसतो, त्याच्या निम्म्याहून अधिक वजन पाण्याचं असतं. निर्जल ५४ ग्रॅमच्या जागी तो जवळजवळ १४६ ग्रॅम लागतो. तुम्ही ५४ च घातला असणार. खाण्याचा सोडा घातला असेल तर मग बोलायलाच नको, तो इतका सौम्य आहे की कॉफी कामालाच लागत नाही. उपाय: धुण्याचा सोडा पातेल्यात मंद आचेवर परता, खडे विरघळून पाणी उडालं की पांढरी भुकटी उरते, ती निर्जल. दुसरं म्हणजे कॉफी. चिकोरी मिसळलेली नको, डबीवर शंभर टक्के कॉफी लिहिलेलं बघा. त्यातही स्वस्तातली रोबस्टा चांगली. तरीही ४०० च्या फिल्मवर कॅफेनॉल थोडा धुरकटपणा आणतोच. पोटॅशियम ब्रोमाइड लिटरला एक ग्रॅम घातलं की तो कमी होतो. मजा म्हणून जरूर करा, पण गडद काळा हवाय अशा माणसानं कॉफीच्या वाटेला लागू नये असं माझं मत.

घरीच बनवलेला डेव्हलपर हवा असेल तर डी-२३ बनवा. मेटॉल साडेसात ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी एक लिटर, संपलं. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानांत ही रसायनं मिळतात. आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट. सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल विरघळायला नकार देतं. हातमोजे घाला, काहींच्या कातडीला मेटॉल सोसत नाही.

आता प्रयोग कसा करायचा. एक रोल बळी द्या. एकच दृश्य निवडा ज्यात लाल माती, भात, एखादा पांढरा कपडा आणि कौलारू घराच्या सोप्यातला अंधार असेल. ढगाळ दिवस, तिवईवर कॅमेरा. फिल्टर नसताना, पिवळसर-हिरवा, लाल, आणि प्रत्येकाला मीटर १००, २००, ४००, ८०० वर ठेवून एकेक, अशा बारा फ्रेम होतात. ३६ च्या रोलमध्ये ही बारांची माळ तीनदा घ्या. चेंजिंग बॅगमध्ये फिल्मचे अंदाजे तीन तुकडे करा, तोडीवर एखादी फ्रेम गेली तरी चालेल. एक तुकडा १३ मिनिटांच्या हिशेबानं धुवा, एक साडेसोळाच्या, एक दहाच्या. वहीत लिहा. मग निगेटिव्ह उजेडावर धरून एवढंच शोधा: सोप्यातल्या अंधारात काहीतरी दिसायला लागतं ती पहिली फ्रेम कुठल्या आकड्यावरची? तो तुमच्या कॅमेऱ्याचा आणि तुमच्या मोजण्याचा खरा स्पीड. माझ्या कॅमेऱ्यावर एचपी५ ला तो साधारण २५० निघतो, तुमचा वेगळा निघेल.

इतकं झालं की पुढचे खेळ मोकळेपणानं खेळा. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर तुमच्याच तालुक्यात आहे. आतल्या दगडी अंधारात, परवानगी विचारून, लांब एक्स्पोजर करा. लक्षात ठेवा, सेकंदाच्या पुढं गेलं की फिल्म आळसावते, मीटर दहा सेकंद म्हणाला तर एचपी५ ला वीस द्या. आणि काळ्याचंच वेड असेल तर एकदा इलफर्ड ऑर्थो प्लस घ्या. तिला लाल दिसतच नाही. स्पीड दिवसा ८०, बल्बखाली ४०. तुमची लाल माती तिच्यावर डांबरासारखी येईल, भात उजळेल, फिल्टरशिवाय. जुन्या काळच्या फोटोंत बायकांच्या कपाळावरचं कुंकू आणि ओठ काळे दिसतात ते तसल्याच फिल्मा-प्लेटांमुळं, आणि त्यावर पेन्सिल फिरवण्यात आमच्या पेशाचे तासन् तास गेले. सौंदत्तीच्या डोंगरावर भंडारा उधळतात तो पिवळासुद्धा ऑर्थोवर अपेक्षेपेक्षा गडद येतो. तिचा आणखी एक फायदा: गडद लाल दिव्याखाली ती धुता येते. ट्रेमध्ये धुताना चित्र कसं भरत जातं ते समोर दिसतं.

रोडिनल हा डेव्हलपर १+१०० पातळ करून त्यात फिल्म तासभर न हलवता ठेवायची पद्धत खूप जण सुचवतील. आपल्या उष्ण हवेत त्यानं कडेनं पट्टे ओढलेले मी इतके पाहिलेत की मी ती कोणाला सुचवत नाही.

वाळवताना पंखा लावू नका, धूळ चिकटते. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ बसू द्या आणि मग तिथं रोल टांगा. पावसाळ्यात पाच-सहा तास धरा. लेन्स आणि धुतलेले निगेटिव्ह सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. तिकडच्या पावसात लेन्सवर बुरशी यायला एक मोसम पुरतो.

पुढचं विचारायचं असेल तर स्कॅन पाठवू नका. खिडकीच्या काचेला पांढरा कागद लावा, त्यावर चारही रोलची एकेक पट्टी धरून मोबाइलनं फोटो काढा, आणि कडेचे आकडे दिसतील एवढं बघा.